न्यायालयाची इमारत कोणाच्या नावावर? : प्रस्तावना

१ एप्रिल २००५ रोजी इंग्लंड आणि वेल्समधल्या मॅजिस्ट्रेट न्यायालयांचा कारभार स्थानिक समित्यांकडून केंद्र सरकारच्या ‘हर मॅजेस्टीज कोर्ट्स सर्व्हिस’कडे गेला, आणि कारभारापाठोपाठ इमारतीही गेल्या. त्या दिवशी तारखेला आलेल्या पक्षकाराला काही वेगळे जाणवण्याचे कारण नव्हते. दालन तेच, बाक तेच, समोर बसलेले मानद मॅजिस्ट्रेटही त्याच गावचे. बदल झाला तो दस्तऐवजांत. त्या दस्तऐवजांनी पुढच्या पंधरा वर्षांत त्या देशातल्या अनेक गावांचे न्यायालय गावाबाहेर नेले. न्यायदानाच्या वास्तूंची मालकी हा अभ्यासविषय म्हणून रुक्ष वाटतो. तो तसा नाही, हे वाचकाला पटावे आणि त्याने आत यावे, एवढ्यासाठी हे चार शब्द.

आरंभ जुन्या काउंटीपासून करावा लागतो. बाराव्या शतकापासून राजाचे न्यायाधीश ठरावीक फेऱ्यांनी गावोगाव जात आणि गंभीर खटले चालवत. ही ‘असाइझ’ न्यायालये. मधल्या काळात स्थानिक जस्टिस ऑफ द पीस वर्षातून चार वेळा ‘क्वार्टर सेशन्स’ भरवत. न्यायाधीश राजाचा असला, तरी तो बसणार कुठे, उतरणार कुठे, त्याची सोय काउंटीने पाहायची. म्हणून काउंटीने आपल्या कराच्या पैशातून ‘शायर हॉल’ बांधले. शिवाय जस्टिस ऑफ द पीस हे निव्वळ न्याय देणारे नव्हते. पूल, रस्ते, तुरुंग यांचा कारभारही तेच पाहत. १८८८च्या कायद्याने निवडून आलेल्या काउंटी कौन्सिल आल्या आणि कारभार त्यांच्याकडे गेला, पण छप्पर बहुतेक ठिकाणी सामाईकच राहिले. डॉर्चेस्टरच्या शायर हॉलमध्ये १८३४ साली टॉलपडलच्या शेतमजुरांवर खटला चालला. मजुरीतील कपातीविरुद्ध संघटना बांधताना त्यांनी गुप्त शपथ घेतली, हा त्यांचा गुन्हा. शिक्षा सात वर्षे काळ्या पाण्याची. खटला राजाच्या नावाने झाला, इमारत काउंटीची होती, आणि आज ते दालन वस्तुसंग्रहालय म्हणून उभे आहे. स्थानिक मालकी म्हणजे स्थानिक दया, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये म्हणून हे उदाहरण मी मुद्दाम आधी घेतले.

पहिला मोठा घाव १९७१ सालचा. त्याआधी १९६६ ते १९६९ या काळात एका शाही आयोगाने असाइझ आणि क्वार्टर सेशन्सची पाहणी केली. अध्यक्ष होते लॉर्ड बीचिंग, ज्यांच्या १९६३च्या अहवालाने ब्रिटनमधले हजारो मैलांचे रेल्वेमार्ग बंद पडले तेच. आयोगाने दोन्ही जुनी न्यायालये मोडीत काढायला सांगितले. १९७१चा कोर्ट्स अ‍ॅक्ट झाला, १ जानेवारी १९७२पासून क्राउन कोर्ट सुरू झाले आणि त्याला जागा पुरवण्याची जबाबदारी केंद्राने घेतली. वाटणी इथेच अवघड झाली. ज्या इमारतीत एका बाजूला कौन्सिलच्या कचेऱ्या, दुसऱ्या बाजूला न्यायदालन आणि खाली कोठड्या, तिचे काय करायचे? जिना कोणाचा, गळके छप्पर कोणी दुरुस्त करायचे, हे प्रश्न चार भावांच्या वाड्याच्या वाटणीसारखेच पडले. काही ठिकाणी मालकी केंद्राकडे गेली, काही ठिकाणी ती कौन्सिलकडे राहून केंद्र वापरकर्ते झाले. या गुंतागुंतीवर फार थोडे लिहिले गेले आहे. क्लेअर ग्रॅहम यांचा ‘ऑर्डरिंग लॉ’ हा इंग्लिश न्यायवास्तूंवरचा मोलाचा ग्रंथ १९१४पाशी थांबतो. लिंडा मल्काही यांचे ‘लीगल आर्किटेक्चर’ दालनाच्या अंतर्रचनेवर जितका प्रकाश टाकते, तितका मालकीच्या कागदांवर टाकत नाही. नव्या अभ्यासकाला इथे भरपूर रान मोकळे आहे.

मॅजिस्ट्रेट न्यायालये मात्र १९७१नंतरही स्थानिकच राहिली. १९४९च्या कायद्याने नेमलेल्या समित्या त्यांचा कारभार पाहत आणि जागा स्थानिक प्राधिकरण पुरवी. खर्चाचा ८० टक्के भार केंद्र अनुदानातून उचले, उरलेले २० टक्के स्थानिक. पैसा बव्हंशी एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा, ही व्यवस्था फार काळ टिकणे कठीणच होते. एका समितीचा भाग नीटनेटका, तर शेजारच्या भागात साक्षीदार आणि आरोपीचे नातलग एकाच अरुंद बोळात उभे, अशी स्थिती असे. २००१ साली लॉर्ड जस्टिस ऑल्ड यांनी सर्व फौजदारी न्यायालयांचा कारभार एकाच छत्राखाली आणण्याची शिफारस केली आणि २००३चा कोर्ट्स अ‍ॅक्ट आला. त्याचे दुसरे परिशिष्ट वाचकांनी जरूर वाचावे. मालमत्ता हस्तांतराच्या योजना कशा करायच्या, हक्क, दायित्वे आणि करार कोणाकडे जातील, हे सारे त्यात कोरड्या कलमांत आहे. संसदेतल्या चर्चेचा रोख न्यायाच्या तत्त्वांवर राहतो. गावाच्या वाट्याला काय येणार, हे परिशिष्टात ठरते.

माझे मत स्पष्ट सांगतो. हस्तांतर आवश्यक होते. न्याय मिळण्याची सोय स्थानिक तिजोरीच्या ऐपतीवर अवलंबून असू नये, हे तत्त्व मला मान्य आहे. पण मालकी सोपवताना विक्रीच्या निर्णयात गावाला बंधनकारक वाटा ठेवायला हवा होता. सल्लामसलत झाली, निर्णय मात्र केंद्राचाच राहिला. २०१०च्या डिसेंबरात ९३ मॅजिस्ट्रेट न्यायालये आणि ४९ काउंटी कोर्टे बंद करण्याची घोषणा झाली, २०१६मध्ये आणखी ८६ न्यायालये व न्यायाधिकरणे यादीत आली. २०१०मध्ये सुमारे ३२० असलेल्या मॅजिस्ट्रेट न्यायालयांपैकी दशक संपेपर्यंत जवळपास निम्मी बंद झाली. जागा विकून आलेला पैसा न्यायव्यवस्थेच्या आधुनिकीकरणाला लागेल, असे सरकारचे म्हणणे होते. प्रवासाचा निकष काय, तर पक्षकाराला सकाळी साडेसातच्या आधी घर सोडावे लागू नये आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत त्याला सार्वजनिक वाहनाने घरी परतता यावे. म्हणजे एका तारखेसाठी बारा तास घराबाहेर राहणे वाजवी ठरले. तान्हे मूल असलेल्या बाईला किंवा रोजंदारीवरच्या माणसाला बारा तासांचा अर्थ काय, हे सांगण्याची गरज नाही. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ हवे म्हणून दशकानुदशके झगडलेल्या आणि २०२५मध्ये सर्किट बेंच मिळालेल्या जिल्ह्यांतल्या वाचकाला तर नाहीच.

सगळ्याच वास्तूंची कथा दुःखद नाही. लंडनचे मिडलसेक्स गिल्डहॉल १९१३मध्ये त्या काउंटीसाठी पूर्ण झाले. काउंटी कौन्सिल १९६५मध्ये इतिहासजमा झाली, इमारत न्यायालय म्हणून चालत राहिली, २००७मध्ये तिथले क्राउन कोर्ट हलले आणि ऑक्टोबर २००९पासून तिथे युनायटेड किंग्डमचे सर्वोच्च न्यायालय बसते. बो स्ट्रीटचे ख्यातनाम मॅजिस्ट्रेट न्यायालय २००६मध्ये बंद झाले आणि तिथे आज हॉटेल आहे. या दोन इमारती चालत गेल्यास एकमेकींपासून फार दूर नाहीत.

इटलीने वेगळी वाट धरली. १९४१च्या कायद्याने न्यायालयांच्या जागेचा खर्च नगरपालिकांवर टाकला होता आणि राज्य त्यांना भरपाई देई. १ सप्टेंबर २०१५पासून हा खर्च न्याय मंत्रालयाने उचलला. नगरपालिकांच्या इमारतींची मालकी मात्र त्यांच्याकडेच राहिली. खर्च आणि मालकी वेगळ्या करता येतात, हे त्यातून दिसते.

आपल्याकडे प्रश्न अजून उघडा आहे. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कनिष्ठ न्यायालयांची रचना आणि न्यायप्रशासन हा विषय समवर्ती सूचीत आला. १९९३-९४पासून केंद्र न्यायालयीन पायाभूत सुविधांसाठी राज्यांना निधी देते. तरीही तालुका न्यायालयाची इमारत बांधायची, दुरुस्त करायची ती राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने. २३ ऑक्टोबर २०२१ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला सरन्यायाधीश रमणा यांनी राष्ट्रीय न्यायालयीन पायाभूत सुविधा प्राधिकरणाची मागणी मांडली. देशातल्या २६ टक्के न्यायालय संकुलांत स्त्रियांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह नाही आणि जेमतेम ५ टक्के ठिकाणी प्राथमिक वैद्यकीय मदत मिळते, हे आकडे त्यांनी त्याच व्यासपीठावरून दिले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये दिल्लीत मुख्यमंत्री आणि मुख्य न्यायमूर्तींची संयुक्त परिषद झाली. तिथे राष्ट्रीय प्राधिकरणावर एकमत झाले नाही, राज्य पातळीवरच्या मंडळांकडे कल राहिला. राज्यांचा संकोच मला केवळ सत्तेचा हव्यास वाटत नाही. इंग्लंडच्या अनुभवानंतर तो विचारपूर्वक तपासून पाहण्याजोगा आहे. आणि स्वच्छतागृहावाचून दिवस काढणाऱ्या महिला वकिलाचा प्रश्न त्याने सुटत नाही, हेही तितकेच खरे.

पुढची प्रकरणे वाचताना प्रत्येक देशाबाबत तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासा: इमारत कोणाच्या नावावर आहे, दुरुस्तीचे बिल कोण भरतो आणि तिला कुलूप लावण्याचा अधिकार कोणाचा. तिन्ही एकाच हाती असल्या तर तसे, तीन हातांत असल्या तर तसे, आणि त्या कोणत्या वर्षी कोणत्या कायद्याने हलल्या, हे समासात लिहून ठेवा. मराठी वाचकाला आरंभ करायला इंग्लंडपर्यंत जायला नको. आपल्या तालुक्याच्या न्यायालयाची मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयातून मागवावी आणि धारकाच्या रकान्यात कोणाचे नाव आहे ते पाहावे.