पुढची सीट रिकामी

जुहूच्या विमानतळाच्या भिंतीपाशी उभे राहा. डोक्यावरून समुद्राकडे हेलिकॉप्टर जातंय, पाठीमागे रिक्षा कोकलताहेत. आता इथूनच मागे चला. आधी रिक्षांचा गोंगाट विरतो. मग एकेक इमारत दिसेनाशी होते आणि तिच्या जागी माड उभे राहतात. पायाखालचं डांबर जाऊन खाजणाची वाळून टणक झालेली जमीन लागते. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास नाकात शिरतो. १९२९ सालचा फेब्रुवारी महिना आहे, नुकतं उजाडलंय आणि स्वेटर घालूनही तुम्हाला जराशी हुडहुडी भरली आहे.

समोर नुसतं मैदान आहे. धावपट्टी नाही, कंट्रोल टॉवर नाही, रेडिओ नाही. पावसाळ्यात इथे पाणी भरतं, म्हणून शिकायचे दिवस हेच, कोरडे. बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या शेडमधून दोघं जण एक विमान हातांनी ढकलत बाहेर आणतात. विमान हातांनी ढकलता येतं हे पाहूनच तुम्ही थबकता. हे डी हॅविलंड मॉथ. लाकडी सांगाडा, एकावर एक असे दोन पंख, रिकामं वजन साधारण ४०० किलो. पंखाला बोट लावून बघा. ते कापड आहे, वर लेप देऊन ताणलेलं. टिचकी मारली की डफासारखं वाजतं.

शेडमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच विषय आहे. १० फेब्रुवारीला इथल्याच एका शिकाऊ वैमानिकाला लायसन्स मिळालं आणि त्यावर क्रमांक आहे १. भारतात दिलं गेलेलं पहिलं लायसन्स. जहांगीर टाटा, वय वर्षं २४. इन्स्ट्रक्टरबरोबर पावणेचार तास उडून झाल्यावर त्यांनी एकट्याने विमान नेलं, असं सांगताना बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. तुमच्या वहीत आतापर्यंत सात तास जमा झालेत आणि पुढची सीट अजून एकदाही रिकामी झालेली नाही.

तुम्ही मागे बसता. मॉथमध्ये शिकणारा मागे, शिकवणारा पुढे. ही मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. पुढची जागा विमानाच्या तोलाच्या मध्याजवळ येते. तिथे माणूस असो वा नसो, तोल फारसा बिघडत नाही. म्हणजे विमान बनवणाऱ्यानेच धरून ठेवलंय की एक दिवस पुढचा माणूस उतरणार आहे.

मेकॅनिक पंख्यापाशी उभा राहतो. पार्ल्याचा आहे, हात तेलाने काळे.

‘‘स्विच बंद, साहेब?’’

‘‘बंद.’’

तो पंखा दोन-तीनदा सावकाश फिरवतो, सिलिंडरमध्ये पेट्रोल ओढलं जातं. मग एक पाय मागे टाकून ओरडतो, ‘‘कॉन्टॅक्ट!’’ तुम्ही स्विच चालू करून तोच शब्द परत देता. तो पंख्याला हिसका देतो आणि त्याच झोकात मागे सरतो. इंजिन खोकतं, धूर सोडतं आणि धरतं. चाकांखालचे ठोकळे निघतात.

तुमच्या टोपीच्या कानांशी रबरी नळी जोडलेली आहे. तिच्या दुसऱ्या टोकाला इन्स्ट्रक्टरचं तोंड. या नळीमागे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये शिकता शिकताच असंख्य पोरं मरत होती. १९१७ साली गॉस्पोर्ट इथे मेजर स्मिथ-बॅरी यांनी शिकवण्याची रीतच बदलली. संकट टाळायला शिकवण्याऐवजी शिकणाऱ्याला मुद्दाम संकटात न्यायचं, ते का आलं हे सांगायचं आणि त्याच्याच हातांनी त्याला बाहेर काढायचं. त्यासाठी हवेत बोलता यायला हवं, म्हणून ही नळी. तुम्ही जे शिकताय ते त्या पोरांच्या मरणातून आलेलं आहे. नळी कानाशी नीट बसवा.

पहाटेचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतोय, म्हणून पूर्वेकडे तोंड करून विमान उठतं. मैदान खाली राहतं, माड खेळण्यातले होतात. डावीकडे वर्सोव्याची खाडी, समोर विहार आणि तुळशीचे तलाव आणि त्यामागे कान्हेरीचे डोंगर. तुम्ही वळून समुद्रावर येता.

‘‘आता नाक वर करा,’’ नळीतून आवाज येतो. ‘‘अजून. थ्रॉटल मागे. काय ऐकू येतंय?’’

पंखांमधल्या तारा इतका वेळ गुणगुणत होत्या. त्यांचा सूर उतरत जातो, उतरत जातो आणि तारा गप्प होतात. हातातला दांडा सैल पडतो, जणू तो कशालाच जोडलेला नाही. पंखाला उचलून धरणारा हवेचा प्रवाह तुटला आहे. नाक एकाएकी खाली कोसळतं. तुमचा हात घाबरून दांडा मागे ओढतो आणि कोसळणं वाढतं.

‘‘पुढे! दांडा पुढे!’’

जमिनीकडे पडत असताना दांडा आणखी जमिनीकडे ढकलायचा. आजवर शरीर जे शिकलं त्याच्या हे उलट आहे. तुम्ही ढकलता. तारा पुन्हा गाऊ लागतात, दांड्यात जीव येतो, विमान अलगद सरळ होतं.

‘‘वेगाच्या काट्याकडे बघत बसू नका,’’ आवाज म्हणतो. ‘‘तारा ऐका. त्या गप्प झाल्या की तुम्ही संकटात आहात.’’

मग उतरणं आणि चढणं, उतरणं आणि चढणं. तिसऱ्या फेरीला इन्स्ट्रक्टर दोन्ही हात उचलून कॉकपिटच्या कडेवर ठेवतो, तुम्हाला दिसतील असे. या क्षणी विमान फक्त तुमच्या हातात आहे, हे तो न बोलता सांगतो. दोन्ही चाकं आणि शेपटीची घसरपट्टी एकदमच टेकतात. तुम्ही मैदानाच्या टोकाला वळता आणि तो उतरतो.

काही समजावत नाही. पुढच्या कॉकपिटमध्ये वाकतो, आपला पट्टा रिकाम्या सीटवर ओढतो आणि बकल लावून घट्ट आवळतो. सुटा राहिला तर तो पुढच्या दांड्यात अडकेल आणि मागून कितीही जोर लावला तरी दांडा हलणार नाही. नळीचं टोक तो जागेवर अडकवतो.

‘‘एक फेरी. विमान हलकं झालंय, लवकर उठेल आणि उतरताना तरंगेल. वाट बघा.’’

मग पाठ करून चालू लागतो.

विमान खरंच लवकर उठतं. समोर इतके दिवस एक डोकं असायचं, त्याजागी आता आकाश आहे. नळी गप्प. तुम्ही वळण घेता आणि ऐकता, तारा एका सुरात गाताहेत. उतरताना विमान तरंगतं, तुम्ही वाट बघता, आणखी वाट बघता आणि जमीन स्वतः येऊन भेटते. मैदानाच्या कडेला तो उभा आहे. त्याची सिगारेट पेटवलेली आहे, पण हातातच जळून गेली आहे.

काही आठवड्यांनी परीक्षा. कौशल्याची कसोटी पाचशे मीटर अंतरावरच्या दोन खुणांभोवती आहे. दोनशे मीटर उंचीच्या आत राहून इंग्रजी आठच्या आकाराची पाच वळणं घ्यायची आणि उतरल्यावर आधी सांगितलेल्या जागेपासून पन्नास मीटरांत थांबायचं. दुसरी कसोटी उंचीवरून खाली येण्याची. पंधराशे मीटरवर थ्रॉटल पूर्ण मागे घ्यायचा, पुन्हा त्याला हात लावायचा नाही आणि ठरलेल्या खुणेपासून दीडशे मीटरांच्या आत टेकायचं. परीक्षक खाली उभे राहतात. विमानात परीक्षार्थी एकटाच हवा, असा नियम आहे. सोबतीला उंचीची रेघ कागदावर ओढणारा बॅरोग्राफ.

पंधराशे मीटरवर तुम्ही थ्रॉटल मागे घेता. एवढी शांतता तुम्ही कधी ऐकलेली नाही. खाली कोळ्यांची गलबतं पांढऱ्या ठिपक्यांएवढी, वांद्र्याच्या टेकडीवर माउंट मेरीचं चर्च, माहीमची खाडी चकाकणारी. नाक खाली, तारांचा सूर स्थिर. तुम्ही समुद्रावरून घिरट्या घेत उंची हिशेबाने खर्च करता. शेवटचं वळण घेऊन मैदानासमोर येता तेव्हा सूर्य थेट डोळ्यांत आहे आणि उंची जरा जास्तच उरली आहे. हात आपणहून एक पंख खाली कलवतात, पाय उलट बाजूचा रडर दाबतात, विमान तिरकं होऊन भराभर खाली सरकतं. माडांचे शेंडे चाकांखालून जातात. सरळ करा. वाट बघा. दांडा मागे, अजून मागे. आता तारा गप्प होऊ द्या, कारण जमीन वीतभर खाली आहे. चाकं टेकतात. पांढरी खूण साठेक पावलांवर आहे. शेडकडून मेकॅनिक धावत येतोय.

आता पुन्हा पुढे चला, याच मैदानातून. १५ ऑक्टोबर १९३२. कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाची पोती घेऊन एक पुस मॉथ इथेच उतरतं. आत एकटे जहांगीर टाटा. टाटांच्या हवाई टपालाचा हा पहिला दिवस, एअर इंडियाची सुरुवात. १५ ऑक्टोबर १९८२. तोच मार्ग, लेपर्ड मॉथ, चालवणारे तेच, वय ७८ आणि पुन्हा एकटे. एकट्याने उतरण्याचा क्षण कसा असतो, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

आणि मग आज. शिकणारी मुलंमुली धुळ्याला, बारामतीला जातात. खासगी लायसन्ससाठी किमान ४० तास लागतात, व्यावसायिक लायसन्ससाठी २००. हवामानशास्त्र, दिशाज्ञान, हवाई नियम असे पेपर आहेत, नळीच्या जागी हेडफोन आहे, विमान धातूचं आहे, दोघं शेजारी शेजारी बसतात. कोरड्या माळावर, सकाळी लवकर, वारा उठायच्या आत एक सेस्ना धावपट्टीच्या कडेला थांबतं. इंजिन चालूच आहे. इन्स्ट्रक्टर दार उघडून उतरते, परत आत वाकते, आपला पट्टा रिकाम्या सीटवर ओढून घेते आणि बकल लावते.

एवढंच करून ती दार लावते आणि बाजूला होते. आत बसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला ठाऊक नाही, पण बकलचा तो खट् असा आवाज तुम्ही जुहूला ऐकला आहे.