मालगुडीचे दप्तर

केंद्र शासनाच्या कार्यालयांत प्रत्येक नस्तीला तिचे आयुष्य ठरवून दिलेले असते. 'अ' वर्गाची नस्ती कायम जपायची व तिची सूक्ष्मचित्र प्रतही करायची, 'ब' वर्गाची कायम जपायची पण प्रत करायची नाही, आणि 'क' वर्गाची ठरावीक मुदतीनंतर, फार तर दहा वर्षांनी, निंदणीकरणात काढून टाकायची. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने या सगळ्याला वैधानिक बैठक दिली. शासनाचा कागद कोणी जपायचा हे त्यामुळे निश्चित झाले. खासगी माणसाचा कागद कोणी जपायचा, या प्रश्नाला मात्र असा अधिनियम उत्तर देत नाही. ज्या खासगी माणसाच्या लेखणीने एका प्रदेशाला जगाच्या नकाशावर नेले त्याच्या बाबतीतही नाही.

आर. के. नारायण यांचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. 10 ऑक्टोबर 1906 रोजी मद्रासमध्ये जन्मलेले नारायण म्हैसूरचे म्हणून ओळखले जातात. त्यांचे वडील तेथे मुख्याध्यापक होते आणि 1930 साली महाराजा कॉलेजातून ते स्वतः पदवीधर झाले. परंतु मालगुडी या गावाचा जन्म बंगळूरचा. तेथे आजीच्या घरी मुक्कामास असताना, आजीने पाहून दिलेल्या शुभदिनी त्यांनी एक वही विकत आणली आणि एका लहानशा रेल्वे स्थानकाने आपल्या पहिल्या कादंबरीचा आरंभ केला. मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या दोन नावांच्या जोडणीतून मालगुडी झाले, असे बंगळूरकर अभिमानाने सांगतात. नारायण यांची स्वतःची हकीकत इतकी नीटस नाही. ते नाव त्यांना आपोआप सुचले होते.

त्या पहिल्या हस्तलिखिताची कथा प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधील प्रकाशकांनी ते एकामागून एक परत केले. अखेर नारायण यांनी ऑक्सफर्डला असलेल्या पूर्णा नावाच्या मित्राला कळविले, की बाडाला दगड बांधून ते टेम्स नदीत सोडून दे. मित्राने आज्ञापालन केले नाही. ते बाड त्याने ग्रॅहम ग्रीन यांच्या हाती दिले आणि ग्रीन यांच्या शिफारशीने 1935 साली 'स्वामी अँड फ्रेंड्स' प्रसिद्ध झाली. आदेशाची अंमलबजावणी न झाल्यामुळे लोकहित साधल्याची अशी उदाहरणे आम्हा शासकीय नोकरांना अधूनमधून आठवावीत इतकी मोलाची आहेत.

पुढे ग्रीन आणि नारायण यांची मैत्री सुमारे दोन दशके केवळ टपालावर जगली. पहिली प्रत्यक्ष भेट झाली ती 1956 च्या सुमारास. म्हणजे या काळातील त्यांचा संबंध जाणून घ्यायचा तर पत्रांखेरीज दुसरे साधनच नाही. नारायण यांच्या पहिल्या चार कादंबऱ्यांना चार वेगवेगळे प्रकाशक लाभले. 'स्वामी' हॅमिश हॅमिल्टनने काढली, 1937 ची 'द बॅचलर ऑफ आर्ट्स' नेल्सनने, 1938 ची 'द डार्क रूम' मॅकमिलनने, तर पत्नी राजम यांच्या 1939 मधील निधनाच्या दुःखातून आलेली 'द इंग्लिश टीचर' 1945 साली एअर अँड स्पॉटिसवूडने. प्रशंसा भरपूर आणि खप बेताचा, हे त्यामागील गणित. आज सहज घडलेली वाटणारी कीर्ती प्रत्यक्षात किती लोकांच्या चिकाटीने तगून राहिली, हे छापील पुस्तकांवरून कळत नाही. ते पत्रांत असते, नाकारलेल्या मसुद्यांत असते, हिशेबाच्या चिठ्ठ्यांत असते.

आणि हे कागद आहेत कोठे? नारायण यांच्या हस्तलिखितांचा व पत्रव्यवहाराचा महत्त्वाचा संग्रह अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात, हॉवर्ड गॉटलीब अभिलेखागारात आहे. या गॉटलीब यांची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. 1963 साली काम हाती घेतल्यावर त्यांनी दिवंगत थोरांच्या मागे न लागता हयात लेखकांना पत्रे लिहिली आणि त्यांचे कागद मागितले. मृत्यूनंतर वारसांमध्ये वाटणी होते, घर बदलते, रद्दीवाला येतो. त्याआधीच पोहोचावे हा व्यवहारी विचार. नारायण यांचे साहित्यिक प्रतिनिधी असलेल्या डेव्हिड हायम यांच्या संस्थेचे दप्तरही टेक्सासमधील हॅरी रॅन्सम केंद्रात आहे. म्हणजे मालगुडीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या बंगळूरच्या विद्यार्थ्याला दोन महासागरांपलीकडे जावे लागते.

याबद्दल परदेशी संस्थांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी कागद लुटून नेले नाहीत. मागितले, सूची केली आणि नीट ठेवले. आपल्याकडे काय झाले ते पाहावे. म्हैसूरच्या यादवगिरीत नारायण यांनी स्वतः बांधून घेतलेले घर होते. 2011 साली ते विकले जाऊन पाडकाम सुरू झाले, तेव्हा लोक आणि वृत्तपत्रे जागी झाली. मग शासकीय यंत्रणा हलली, काम थांबले, घर खरेदी करून दुरुस्त करण्यात आले आणि 2016 साली तेथे संग्रहालय उघडले. हे कार्य स्तुत्यच. पण ते हातोडा पडल्यानंतरचे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर भूखंडाला बाजार असतो आणि त्याची किंमत एका मालकाला मिळते. कागदांचा लाभ मात्र पुढील पिढ्यांतील असंख्य अनोळखी वाचकांत विखुरलेला असतो आणि सांभाळण्याचा खर्च तेवढा एकट्या कुटुंबावर पडतो. जेथे खर्च एकाचा व लाभ सर्वांचा, तेथे बाजार अपुरा पडतो. सार्वजनिक संस्थांनी उतरायचे क्षेत्र ते हेच.

मराठी माणसाला ही गोष्ट नवी नसावी. इतिहासाचार्य राजवाडे वाड्यावाड्यांतून हिंडले, माळ्यांवरची दप्तरे त्यांनी उघडविली आणि 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. सरदारांच्या कागदांसाठी जी तळमळ आपण दाखविली ती लेखकांच्या कागदांसाठी क्वचितच दाखविली. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाने वि. स. खांडेकरांचे स्मृतिसंग्रहालय उभे केले आणि डॉ. सुनीलकुमार लवटे यांनी खांडेकरांचे असंकलित लेखन शोधून अनेक पुस्तकांच्या रूपाने वाचकांपुढे आणले. एक विद्यापीठ आणि एक ध्येयवेडा अभ्यासक एवढ्या बळावर केवढे काम होते, याचा हा पुरावा आहे. बंगळूरमध्येच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राने 2019 साली शास्त्रज्ञांच्या कागदपत्रांसाठी अभिलेखागार सुरू केले. जे विज्ञानासाठी जमले ते साहित्यासाठी अशक्य नाही. हयात लेखकाला वेळीच पत्र लिहावे, करारात प्रवेशाच्या व गोपनीयतेच्या अटी स्पष्ट असाव्यात, सूची करणारा प्रशिक्षित माणूस नेमावा आणि अंकीय प्रती परस्परांना उपलब्ध कराव्यात. यासाठी पैशापेक्षा सातत्य अधिक लागते. बोस्टनमधील कागदांच्या प्रती म्हैसूरच्या त्या घरात वाचता आल्या, तर भिंतींना खरा अर्थ येईल.

मराठीत 'दप्तर' हा शब्द अभिलेखांनाही लागतो आणि शाळकरी मुलाच्या पिशवीलाही. राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य असताना 1989 साली नारायण यांनी आपल्या पहिल्या भाषणात या दुसऱ्या दप्तराच्या ओझ्याविषयी कळवळून सांगितले. शालेय ओझ्याचा प्रश्न पुढे प्रा. यशपाल समितीकडे गेला आणि 1993 साली तिचा 'ओझ्याविना शिक्षण' हा अहवाल आला. ते भाषण आज कोणालाही वाचता येते, कारण संसदेचे कामकाज जपून ठेवण्याची जबाबदारी कोणावर तरी सोपविलेली आहे. मुलांच्या पाठीवरचे दप्तर हलके करण्यासाठी झगडलेल्या या कादंबरीकाराचे स्वतःचे दप्तर उचलण्याची जबाबदारी मात्र आपण कोणावरच सोपविली नव्हती.