देवबागची वाळू आणि संगणकातील लाट

मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव वाळूच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावर वसले आहे. पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस कर्ली नदीचे पात्र. तारकर्लीहून दक्षिणेकडे जाताना हा पट्टा निमुळता होत जातो आणि नदीच्या मुखाशी संपतो. पावसाळ्यातील उधाण किनाऱ्याचा घास घेते, माडांची मुळे उघडी पडतात आणि बंधाऱ्याची मागणी पुन्हा जोर धरते. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकले, तेव्हा सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीने हा अनुभव अधिक तीव्रतेने घेतला.

बंधारा कोठे, किती उंच आणि किती उताराचा असावा, हा प्रश्न सोपा वाटतो. पण त्याचे उत्तर फुटणाऱ्या लाटेच्या वर्तनावर अवलंबून आहे. खोल समुद्रातील लाटेचे गणित एकोणिसाव्या शतकापासून बऱ्यापैकी अवगत आहे. किनाऱ्याशी येऊन ती फुटली, की मात्र ती केवळ पाण्याची राहत नाही. तिच्यात हवा मिसळते, फेस होतो, तळाची वाळू उचलली जाते. द्रव, वायू आणि घन अशा तीन अवस्था एकाच ठिकाणी एकमेकींना ढकलू लागतात. अशा प्रवाहास बहुप्रावस्था प्रवाह म्हणतात आणि संगणकाच्या साहाय्याने तो सोडविणाऱ्या शास्त्रास संगणकीय द्रायुगतिकी. (द्रव आणि वायू या दोहोंना मिळून ‘द्रायू’ ही संज्ञा आहे.)

पद्धत थोडक्यात अशी. किनाऱ्याचा व समुद्राचा विचाराधीन भाग लहान लहान घरांच्या जाळीत विभागला जातो. प्रत्येक घरात वेग आणि दाब किती, हे नेव्हियर-स्टोक्स समीकरणांवरून क्षणाक्षणाला काढले जाते. अडचण पाण्याच्या पृष्ठभागाची. समुद्राचे पाणी हवेहून आठशे पटींपेक्षा अधिक घन. दोहोंमधील सीमा कागदाहून पातळ आणि सतत हलणारी. १९८१मध्ये अमेरिकेतील हर्ट आणि निकोल्स यांनी यावर एक सुटसुटीत तोड प्रसिद्ध केली. प्रत्येक घराला एक अपूर्णांक द्यायचा. घर पाण्याने पूर्ण भरलेले असेल तर १, केवळ हवा असेल तर शून्य. मधली संख्या आली, की पृष्ठभाग त्या घरातून जातो असे समजायचे. आज ‘फ्लुएंट’सारख्या व्यापारी प्रणालींत आणि २००४मध्ये सर्वांसाठी मुक्त झालेल्या ‘ओपनफोम’मध्येही हीच कल्पना वापरात आहे.

कल्पना सुटसुटीत, हिशेब मात्र अवाढव्य. शंभर मीटर लांब, पन्नास मीटर रुंद आणि वीस मीटर उंच असा किनाऱ्याचा तुकडा घेतला आणि घराची बाजू दहा सेंटिमीटर ठेवली, तर दहा कोटी घरे होतात. लाटेचे टोक सेकंदाला दहा मीटर वेगाने धावत असेल, तर एका पावलात पाण्याने एकाहून अधिक घरे ओलांडू नयेत म्हणून कालाचे पाऊल सेकंदाच्या शंभराव्या भागाहून लहान ठेवावे लागते. वादळाचा एक तास म्हणजे अशी किमान तीन लाख साठ हजार पावले. घराची बाजू निम्मी केली, तर काम सोळापट वाढते. आणि एवढे करूनही फेसातील मिलिमीटरभर बुडबुडा या जाळीतून निसटतोच.

बुडबुड्यांचा अभ्यास महाराष्ट्रात झाला तो समुद्रकाठी नव्हे, तर रासायनिक कारखान्यांच्या निमित्ताने. कारखान्यांत उंच पात्रातील द्रवात खालून वायू सोडून रासायनिक क्रिया घडवितात. त्या बुडबुड्यांमुळे द्रव कसा फिरतो, यावर मुंबईच्या ‘यूडीसीटी’त (आताची रसायन तंत्रज्ञान संस्था) प्रा. ज्येष्ठराज जोशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. जोशी यांना २०१४मध्ये पद्मभूषण मिळाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. विवेक रानडे यांचा रासायनिक अणुभट्ट्यांतील—येथे ‘अणु’ नव्हे, रासायनिक क्रियापात्रांतील—प्रवाहांच्या संगणकीय प्रतिरूपांवरील ग्रंथ २००२मध्ये प्रसिद्ध झाला. या क्षेत्रातील मुख्य युक्ती अशी, की प्रत्येक बुडबुडा मोजत बसायचे नाही. पाणी आणि हवा हे दोन्ही प्रवाह एकमेकांत मुरलेले आहेत असे मानायचे आणि त्यांच्यातील ओढीसाठी प्रयोगातून मिळालेले सूत्र घालायचे. सूत्र चुकले, तर चित्र सुंदर आणि उत्तर खोटे. फेसाळ लाटेलाही हे लागू पडते.

मग लहान प्रतिकृती करून प्रत्यक्ष पाहावे, हा मार्ग आहेच. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६मध्ये स्थापन झाले असून धरणे व बंदरे यांच्या अशा प्रतिकृतींसाठी प्रसिद्ध आहे. प्रतिकृती पंचविसाव्या हिश्शाची असेल, तर पाच मीटरची लाट वीस सेंटिमीटरची होते. पण पाण्याचा पृष्ठताण काही पंचविसाव्या हिश्शाने कमी होत नाही. म्हणून बुडबुडे त्या प्रमाणात लहान होत नाहीत आणि भिंतीशी कोंडलेल्या हवेचा दणका प्रतिकृतीत खरा दिसत नाही. येथे संगणकाची खरी मदत होते. अर्थात मोजमापांवाचून तोही आंधळाच.

मालवणच्या किनाऱ्यावर या प्रश्नाची दोन रूपे काही किलोमीटरांच्या अंतरात पाहावयास मिळतात. सिंधुदुर्ग किल्ला (बांधकाम १६६४ ते १६६७) कुरटे बेटाच्या खडकावर उभा आहे. तेथे लाट आदळते, उसळते, परतते. खडक जागचा हलत नाही. पाणी आणि हवा यांचा हिशेब जमला, की तटावर येणारा भार बऱ्याच अंशी कळतो. देवबागला पायाच वाळूचा. तेथे तिसरी प्रावस्था गणितात घेतल्याशिवाय गत्यंतर नाही आणि नेमकी तीच सर्वांत अवघड. पाव मिलिमीटरहूनही बारीक असा वाळूचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर या गतीने खाली बसतो. लाटेच्या खळबळीत तो किती वर उचलला जाईल आणि किती काळ तरंगेल, याची सूत्रे बहुतांशी प्रयोगशाळेतील टाक्यांतून आलेली आहेत.

याचा परिणाम केवळ शास्त्रीय नाही. उभी, गुळगुळीत भिंत लाटेला परतवते; परतणारी लाट येणाऱ्या लाटेत मिसळून भिंतीच्या पायथ्याशी खळबळ वाढविते आणि तेथील वाळू निघून जाते. फक्त पाणी आणि हवा यांचे गणित केले, तर दगडांवरील भार मर्यादेत आहे, असे उत्तर येईल. पायाखालची वाळू गेली, की तेच दगड खचतात. ओबडधोबड दगडांचा उतरता बंधारा लाटेची बरीचशी शक्ती आपल्या फटींत जिरवतो, म्हणून तो उजवा ठरतो. परंतु त्याच्या टोकाला, जेथे बंधारा संपतो तेथे, धूप शेजारच्या मोकळ्या किनाऱ्याकडे सरकते. म्हणजे एका वाडीचे घर वाचले आणि पुढच्या वाडीचे माड गेले, असे होऊ शकते. हे कळण्यासाठी जाळी बंधाऱ्यापुरती न आखता नदीच्या मुखापर्यंत आखावी लागते, कारण कर्लीचा प्रवाह पावसाळ्यात वाळू समुद्राकडे लोटतो आणि मुखाशी बेटे बनतात. पर्यटक ज्याला ‘सुनामी आयलंड’ म्हणतात, ते अशाच वाळूचे.

एवढा मोठा परिसर बारीक जाळीत बसविणे महासंगणकालाही परवडत नाही. म्हणून अभियंते दोन टप्प्यांत काम करतात. खाडी, मुख आणि लांबचा किनारा यांसाठी खोलीची सरासरी घेणारे ढोबळ प्रतिरूप. त्यातून मिळालेल्या लाटा घेऊन बंधाऱ्यालगतच्या शे-दोनशे मीटरांसाठी बारीक प्रतिरूप. दोन्हींना लागतात पावसाळ्यापूर्वीच्या व नंतरच्या तळाच्या खोल्या, वाळूच्या कणांचे आकार आणि किनाऱ्यालगत तरंगत्या यंत्राने नोंदलेल्या लाटा. यांपैकी तळाच्या खोल्या सर्वांत लवकर शिळ्या होतात. एका पावसाळ्यात मुखाशी वाळूचा दांडा सरकला, तर मागच्या वर्षीच्या नकाशावर केलेले गणित त्या वर्षीच्या देवबागचे राहत नाही.