वस्वसा, मंत्रचळ आणि ओसीडी : घरच्यांनी काय समजून घ्यावे?

वुजू झाला, पण मन म्हणते कोपर कोरडे राहिले. पुन्हा वुजू. नमाजला उभे राहिले की नियत नीट झाली नाही असे वाटते. पुन्हा सुरुवात. सेमाडोहच्या थंडीत असे दिवसातून अनेकदा केले तर हात फुटतात, उन्हाळ्यात भरून ठेवलेले पाणी संपते आणि घरात भांडण होते. आपल्याकडे याला 'वस्वसा' म्हणतात, मराठीत 'मंत्रचळ', तर डॉक्टर 'ओसीडी' म्हणतात.

शंका सगळ्यांनाच येते. पण नको असलेला विचार सतत येऊन त्यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जात असेल, काम-शिक्षण अडत असेल, तर तो आजार समजावा. काहींना फक्त धुण्याचे नसते. गॅस, कुलूप पुन्हा पुन्हा तपासणे किंवा मनात अल्लाहबद्दल घाणेरडे विचार येणे हेही त्यातलेच. अशा विचारांनी माणूस स्वतःच घाबरलेला असतो. 'तुझे ईमान कच्चे आहे' असे त्याला सुनावणे म्हणजे जखमेवर मीठ. इ.स. 934 मध्ये वारलेले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनीही वस्वशाची गणना मनाच्या आजारांत केली होती.

घरचे मात्र मायेपोटी एक गोष्ट करतात, आणि ती उलटी पडते. मुलगी विचारते, 'अम्मी, झाला ना माझा वुजू?' अम्मी म्हणते, 'हो बेटा, झाला.' पाच मिनिटांचा आराम, मग तोच प्रश्न. दिलाशाने शंकेला खतपाणीच मिळते. उपचारात नेमके उलटे शिकवतात: वुजू एकदाच करायचा, शंका आली तरी पुन्हा नळाकडे जायचे नाही, घबराट सोसायची. ती हळूहळू आपोआप उतरते. हे सोप्यापासून अवघडाकडे, तज्ज्ञाच्या मदतीने करायचे असते. फिकहचा कायदाही आहेच की यकीन शंकेने जात नाही, त्यामुळे समजूतदार मौलानांची इथे मोठी मदत होते.

औषधे म्हणजे फ्लुओक्झेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्या. त्यांची सवय लागते ही भीती खोटी. पण गुण यायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात, आणि बरेच जण दोन आठवड्यांत कंटाळून सोडतात. डॉक्टरला न विचारता एकदम बंद करू नयेत. दुआ जरूर करा. ताविजासाठी महिने घालवून गोळी लांबवू नका.

सेमाडोहहून तज्ज्ञ गाठायचा तर घाट उतरून परतवाडा आणि पुढे अमरावती. आधी 14416 वर फोन लावा. 2022 पासून सुरू असलेली ही सरकारी 'टेलि-मानस' सेवा मोफत आहे, रात्रीही चालते, मराठीतही बोलता येते. जीव द्यायचे विचार येत असतील तर वाट न पाहता लगेच. दवाखान्यात जाताना कोणती कृती किती वेळा होते, त्यात किती वेळ जातो, हे आठवडाभर कागदावर लिहून न्या. रुग्ण लाजेने अर्धेच सांगतो.