नेस्टेड क्वेरीत ^ चिन्ह कशासाठी? गणपती मंडळांच्या उदाहरणातून समजून घ्या

अ‍ॅपमध्ये एखाद्या मंडळाचं पान उघडलं की खाली ‘याच भागातली इतर मंडळं’ अशी यादी दिसते. बऱ्याचदा ती क्वेरीच्या आत लिहिलेल्या दुसऱ्या क्वेरीतून येते. हीच नेस्टेड क्वेरी. मी कामात सॅनिटी हा कंटेंट डेटाबेस वापरतो. त्याच्या क्वेरी भाषेचं नाव ग्रोक. त्याच उच्चाराच्या एआय चॅटबॉटशी तिचा संबंध नाही.

समजा, डेटाबेसमध्ये तीन नोंदी आहेत:

- लालबागचा राजा | लालबाग | १९३४
- मुंबईचा राजा, गणेश गल्ली | लालबाग | १९२८
- केशवजी नाईक चाळ | गिरगाव | १८९३

क्वेरी अशी (खऱ्या कोडमध्ये फील्डची नावं इंग्रजी अक्षरांत लिहा):

*[प्रकार == "मंडळ"]{
  नाव,
  "इतर": *[प्रकार == "मंडळ" && भाग == ^.भाग && नाव != ^.नाव].नाव
}

^ काय करतं?
आतल्या क्वेरीत नुसतं ‘भाग’ लिहिलं तर ते आत तपासल्या जाणाऱ्या मंडळाचं फील्ड असतं. ‘^.भाग’ म्हणजे एक पायरी वरच्या, म्हणजे ज्याचं पान उघडलंय त्या मंडळाचं फील्ड. म्हणून लालबागच्या राजाखाली फक्त गणेश गल्ली येते.

^ राहिलं तर?
- भाग == भाग: अट कायम खरी. लालबागच्या पानावर गिरगावचं मंडळही ‘याच भागातलं’ म्हणून दिसेल.
- नाव != नाव: अट कायम खोटी. सगळ्या याद्या रिकाम्या.

दोन्ही वेळा एरर येत नाही. क्वेरी व्याकरणाने बरोबरच असते, फक्त उत्तर चुकतं. दर्शनाला निघालेला माणूस मात्र स्क्रीनवर दिसतं त्यावरच विश्वास ठेवतो.

दोन पायऱ्या वर जायचं असेल तर?
भागात मंडळं आणि मंडळात कार्यक्रम अशी रचना असेल, तर कार्यक्रमाच्या क्वेरीतून भागाच्या फील्डपर्यंत जायला ^.^ लिहा.

एसक्यूएलमध्ये?
तिथे ^ नाही. बाहेरच्या टेबलला टोपणनाव देऊन ‘बाहेर.भाग’ असं लिहायचं. टोपणनाव गाळलं आणि आतल्या टेबलमध्ये त्याच नावाचा कॉलम असला, तर तोच धरला जातो. म्हणजे गोची तीच!

तपासायचं कसं?
एका भागात दोन मंडळं आणि दुसऱ्या भागात एकच, असा छोटा डेटा घ्या. लालबागला एक नाव आणि गिरगावला रिकामी यादी आली, की क्वेरी बरोबर. नुसत्या गिरगाववर तपासू नका, कारण तिथे बरोबर उत्तरही रिकामंच असतं.