कोष्टकाची चौकट

पांचगणीचें नांव निघालें कीं प्रथम आठवतें तें तेथील टेबललँड. माथ्यावरचा जांभ्या दगडाचा कठीण थर टिकून राहिला, भोवतालचा भाग झिजून गेला, आणि मेजासारखें सपाट पठार उरलें. ‘टेबल’ या इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ कोष्टक असा आहे. पसरणीचा घाट उतरून वाईस आलें म्हणजे या दुसऱ्या अर्थाची आठवण होते. कारण वाई हें मराठी विश्वकोशाचें माहेरघर. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं सिद्ध झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला, आणि पुढें त्यांतील नोंदी संगणकाच्या पडद्यावर वाचण्याची सोय झाली. कागदावरचें पान पडद्यावर न्यावयाचें तर त्याची मांडणी कशी करावी, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस साऱ्या जगापुढें उभा होता. कांहीं वर्षें त्याचें उत्तर एकच होतें, आणि तें म्हणजे कोष्टक. हा इतिहास लहान आहे. परंतु साधनाचा उपयोग व दुरुपयोग यांतील सीमा तो फार स्पष्टपणें दाखवितो.

पान रचण्याची चिंता मराठी मुलखास नवी नव्हती. १८०५ सालीं मिरजेस, गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाखालीं, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरें कोरून भगवद्गीता छापण्यांत आली. त्या पद्धतींत अक्षर आणि त्याची जागा हीं दोनही एकाच पत्र्यांत कायमचीं खोदलेलीं असत. एक ओळ हालवावयाची तर सारा पत्रा नव्यानें कोरणें प्राप्त होई. पुढें सुटे खिळे आले, आणि मजकूर व मांडणी हीं एकमेकांपासून मोकळीं झालीं. जुळलेले खिळे सोडवून तेच पुन्हा दुसऱ्या पानांत बसवितां येऊं लागले.

याच काळांतील दोन छापील वस्तूंची तुलना येथें उपयोगी पडेल. १८३१ सालीं गणपत कृष्णाजी यांनीं मुंबईस शिळाछापावर मराठी पंचांग छापलें. पंचांग म्हणजे खरें कोष्टक. तिथि, वार, नक्षत्र, योग व करण यांच्या आंकड्यांना अर्थ येतो तो ते कोणत्या ओळींत व कोणत्या रकान्यांत बसले आहेत यावरूनच. रकाना चुकला तर मुहूर्त चुकला. दुसरी वस्तु म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’. ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालेल्या या पत्रांत एका बाजूस इंग्रजी व दुसऱ्या बाजूस मराठी असे दोन रकाने शेजारीं शेजारीं असत. हे रकाने दिसावयास कोष्टकासारखे. पण वाचणारा एक रकाना वरून खालपर्यंत वाची, आडवा वाचीत नसे. पंचांगांत चौकट ही अर्थाचा भाग होती, ‘दर्पणां’त ती केवळ मांडणीची सोय होती. हा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील कथा सुगम होते.

टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत वेबची कल्पना मांडली, आणि १९९१ पर्यंत तिचीं पहिलीं पानें तयार झालीं. त्या पानांची भाषा एचटीएमएल. तिच्यांत हें शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा, एवढेंच सांगावयाचें असे. तें कसें दिसावें हें बहुतांशीं वाचकाच्या यंत्रावर सोंपविलेलें होतें. शास्त्रज्ञांस तेवढें पुरेसें होतें. पण व्यापारी, वृत्तपत्रें व हौशी मंडळी या क्षेत्रांत उतरलीं, तेव्हां त्यांस छापील मासिकासारखें देखणें पान हवें झालें, आणि त्यासाठीं भाषेंत साधन नव्हतें.

१९९५ सालीं नेटस्केप या ब्राउझरनें कोष्टकें दाखविण्यास आरंभ केला. डेव्ह रॅगेट यांनीं लिहिलेला कोष्टकांविषयींचा मसुदा मे १९९६ मध्यें प्रसिद्ध झाला, व जानेवारी १९९७ मधील एचटीएमएल ३.२ या प्रमाण आवृत्तींत कोष्टकास स्थान मिळालें. मूळ हेतु आंकड्यांच्या तक्त्यांचा. परंतु चौकटीच्या रेघेची जाडी शून्य केली कीं रेघा अदृश्य होतात आणि घरें मात्र जागच्या जागीं राहतात, हें लौकरच सर्वांच्या ध्यानीं आलें. मग नवशिक्यास धडा मिळूं लागला तो असा : एक मोठें कोष्टक घ्यावें, वरच्या ओळींतील घरें एकत्र जोडून तेथें नांव व चित्र ठेवावें, मधल्या ओळीचे दोन भाग करून डावीकडील अरुंद घरांत अनुक्रमणिका व उजवीकडील रुंद घरांत मजकूर घालावा, तळच्या ओळींत पत्ता द्यावा. एका घराच्या पोटांत दुसरें कोष्टक बसवितां येई, त्यांत तिसरें. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ मधील पुस्तकानें आणखी एक युक्ति सर्वतोमुखीं केली. एका ठिपक्याएवढें पारदर्शक चित्र हवें तेवढें ताणून मोकळी जागा राखावयाची! छापखान्यांतील कोऱ्या खिळ्यांचेंच हें नवें रूप.

हिंदुस्थानांत विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. म्हणजे कोष्टकाची ही लाट आणि आपल्याकडील आरंभ हीं एकाच वर्षाचीं. १९९६ पासून ‘मायबोली’सारखीं मराठी स्थळें परदेशस्थ मराठी कुटुंबांस एकत्र आणूं लागलीं. मराठी पानांपुढें अडचण दुहेरी होती. मांडणीचा प्रश्न तर होताच. शिवाय प्रत्येक स्थळाचा फाँट निराळा असे, आणि वाचकापाशीं तो नसला तर शुद्ध मराठीच्या जागीं निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तींतच देवनागरीस स्थान होतें, पण घरोघरच्या संगणकांवर तिचा वापर रुळण्यास पुढील शतक उजाडावें लागलें. तोंवर कित्येकजण मराठी मजकुराचें चित्रच करीत व तें कोष्टकाच्या घरांत बसवीत. डोळ्यांस अक्षरें दिसत. यंत्राच्या लेखीं तेथें अक्षरच नसे. मिरजेचा तांब्याचा पत्रा दोन शतकांनीं असा पुन्हा अवतरला!

या रचनेचा खरा जाच कोणास झाला असेल तर तो अंध वाचकास. त्याच्यासाठीं पडद्यावरचा मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारे प्रोग्रॅम असतात. त्यांतील आरंभींचे कित्येक प्रोग्रॅम पडदा डावीकडून उजवीकडे सरळ आडवा वाचीत. ‘दर्पणा’चें पान कोणी तसें वाचलें तर काय होईल? अर्धी ओळ इंग्रजी, अर्धी मराठी, आणि बोध कशाचाच नाहीं. अनुक्रमणिकेचा एक शब्द, लेखाचा एक तुकडा, जाहिरातीचें एक टोंक, असें कडबोळें कानीं पडे. पुढें हे प्रोग्रॅम सुधारले व घरामागून घर वाचूं लागले. तरी कोष्टकांत कोष्टक घातलेलें असलें म्हणजे लेखापर्यंत पोंचण्यापूर्वीं कित्येक घरें ओलांडावीं लागत. ५ मे १९९९ रोजीं प्रसिद्ध झालेल्या सुलभतेच्या नियमावलींत म्हणूनच स्पष्ट सांगितलें गेलें कीं, एका ओळींत क्रमानें वाचलें असतां ज्याचा अर्थ लागत नाहीं तें कोष्टक मांडणीसाठीं वापरूं नये.

उपाय वस्तुतः आधींच सुचविला गेला होता. होकोन व्यूम ली यांनीं ऑक्टोबर १९९४ मध्येंच अशी योजना मांडली कीं, मजकूर एका ठिकाणीं ठेवावा आणि रंग, आकार व जागा यांचे नियम निराळ्या पत्रकांत लिहावे. या सीएसएसची पहिली आवृत्ति डिसेंबर १९९६ मध्यें प्रमाण ठरली. परंतु निरनिराळे ब्राउझर तिचे नियम निरनिराळ्या तऱ्हेनें, आणि बहुधा अपुरे, पाळीत. ज्यास उद्यां पान दाखवावयाचें आहे त्यास शुद्ध पण न चालणाऱ्या मार्गापेक्षां अशुद्ध पण चालणारा मार्ग जवळचा वाटला, तर त्यांत नवल नाहीं. २००० नंतर ब्राउझर सुधारले आणि रचनाकार हळूहळू सीएसएसकडे वळले. हातांतील फोनच्या चिमुकल्या पडद्यावर रुंद कोष्टकें मावेनात, तेव्हां उरलेली रूढीही बव्हंशीं मोडली. २०१७ च्या मार्च महिन्यांत प्रमुख ब्राउझरांनीं सीएसएस ग्रिड ही पद्धति स्वीकारली. तिच्यांत ओळी व रकाने पुन्हा आले, पण ते नियमांच्या पत्रकांत. मजकूर आपल्या क्रमानें मोकळा राहिला. कोष्टकाची जुनी रीत मुख्यतः ईमेलनें धाडल्या जाणाऱ्या सजविलेल्या पत्रांत आजही आढळते.

या कथेवरून कोष्टकानें पानें रचणाऱ्या पहिल्या पिढीस हंसणें उचित होणार नाहीं. त्या सोप्या चौकटीमुळेंच हजारों अननुभवी माणसांनीं आपलें पहिलें पान उभें केलें. त्यांचा अपराध असला तर एवढाच कीं, पाहणाऱ्याचा विचार करतांना ऐकणारा त्यांच्या ध्यानांत राहिला नाहीं. नवशिक्यानें आजही एक परीक्षा करून पाहावी. आपलें पान वरपासून खालपर्यंत कोणास तरी मोठ्यानें वाचून दाखवावें, आणि ऐकणाऱ्यास त्याचा अर्थ लागतो कीं नाहीं हें पाहावें. तिथींचा तक्ता असेल तर कोष्टक अवश्य घालावें, कारण तेथें चौकट म्हणजेच अर्थ. इतरत्र मजकुरास आधीं आपल्या पायांवर उभें राहूं द्यावें. शोभा मागाहून करतां येते. वाईस रचलेली ज्ञानकोशाची एखादी नोंद पांचगणीच्या शाळेंतील डोळस मुलगा फोनवर वाचील, दूरदेशीं कोणी अंध गृहस्थ ती कानांनीं वाचील. दोघांच्या पदरीं तेंच ज्ञान त्याच क्रमानें पडलें, तरच तें पान नीट रचलें गेलें असें म्हणावयाचें.