कार्ब्युरेटरमधील बर्फ

जुन्या पेट्रोल गाड्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये हवेतील बाष्प गोठून इंजिनाचा हवापुरवठा अडण्याचा दोष. वाफ होताना पेट्रोल हवेतील आणि धातूतील उष्णता शोषते. शिवाय व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब व तापमान उतरते. दोन्ही मिळून तापमान २० अंश सेल्सिअसहूनही अधिक घसरू शकते. त्यामुळे कडाक्याच्या कोरड्या थंडीपेक्षा ० ते १० अंशांची धुकट, दमट हवा जास्त घातक; फार थंड हवेत गोठण्याजोगे बाष्पच कमी असते.

बर्फ धरतो तो मुख्यतः थ्रॉटलच्या चकतीच्या कडेला. गाडी काही किलोमीटर व्यवस्थित चालते आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच बंद पडते. बॉनेट उघडेपर्यंत इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळतो, गाडी पुन्हा सुरू होते. पुरावाच उरत नसल्याने जेट साफ करण्यात, प्लग-पॉइंट बदलण्यात मालकाचे पैसे नाहक जातात.

यावर उपाय म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड तापवणे. पाण्याने थंड होणाऱ्या अनेक इंजिनांत त्यासाठी गरम पाणी फिरवतात. अमेरिकी व्ही-८ इंजिनांत एक्झॉस्टचा वायू मॅनिफोल्डच्या पोटातून नेत. हवेने थंड होणाऱ्या फोक्सवॅगन बीटलमध्ये गरम पाणी नाहीच. त्यात कार्ब्युरेटर मध्यभागी आणि सिलिंडर दोन बाजूंना, म्हणून मॅनिफोल्डची नळी लांबलचक. तिच्या सोबतीने हीट रायझर ही बारीक नळी एक्झॉस्टचा वायू नेते आणि कार्ब्युरेटरखाली दोन्ही नळ्या ॲल्युमिनियमच्या ओतीव आवरणात एकत्र येतात. रायझर काजळीने चोंदला की ही सारी योजना निकामी होते. इंजिन तापल्यावरही रायझर थंडच असेल किंवा दमट दिवशी मॅनिफोल्डवर पांढरे दंव दिसले, तर कार्ब्युरेटर खोलण्याआधी रायझर खरवडून मोकळा करावा. एअर फिल्टरला गरम हवा पुरवणारा पाइपही बिनकामाचा समजून काढू नये. थंड मुलखात तोच गाडी चालती ठेवतो. उष्णता गरजेपेक्षा जास्त झाली, तर मात्र हवा विरळ होऊन ताकद घटते. म्हणून नंतरच्या अनेक गाड्यांत ती थर्मोस्टॅटने आवरलेली असते.

महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात दुखणे नेमके उलटे: इंधनवाहिनीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. मुंबईत कुर्ल्याला तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या पेट्रोल पंपावर चालक यासाठी ओले फडके टाकत.

फ्युएल इंजेक्शनमध्ये पेट्रोल थ्रॉटलच्या पुढे, व्हॉल्व्हजवळ फवारले जाऊ लागले आणि इंधनाच्या बाष्पीभवनाने थ्रॉटलवर बर्फ धरणे थांबले.